परमिट रूम पुन्हा उघडली : फोनवर आणि गल्ल्यावर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली, ऑगस्ट 2021 अखेर

पंधरा तारखेपासून फोन थांबत नाही. "अण्णा, बसता येतंय का?" एवढंच विचारायला माणसं सकाळी आठला उठवतात. पोरगं म्हणालं, एकदा सगळं लिहून काढा, मी नेटवर टाकतो, फोन आला की लिंक पाठवायची. म्हणून हा खटाटोप. प्रश्न गिऱ्हाइकांचे आहेत, उत्तरं गल्ल्यावर बसणाऱ्याची. कुठं तिरकं वाटलं तर गोड मानून घ्या.

बसता येतंय का?

येतंय. कोरोनाच्या बंदीनंतर 15 ऑगस्टपासून राज्यात हॉटेल आणि बार रात्री दहापर्यंत चालवायची परवानगी मिळालीय. निम्म्या खुर्च्या रिकाम्या ठेवायच्या, शेवटची ऑर्डर नऊला घ्यायची. आमच्याकडं 18 टेबलं होती, आता 9 मांडलीत. उरलेली मागच्या बोळात ताडपत्रीखाली एकावर एक चढवून ठेवलीत.

मी 15 ऑगस्टला आलो होतो, शटर बंद होतं. असं का?

त्या दिवशी ड्राय डे असतो, भाऊ. परवानगी मिळाली स्वातंत्र्यदिनापासून आणि त्याच दिवशी दारूबंदी. आमचं खरं उद्घाटन 16 तारखेला झालं, सोमवारी. तोही श्रावणी सोमवार. त्याचं पुढं सांगतो.

पण दारू तर सगळा काळ मिळतच होती. मग आता उघडलं म्हणजे नवीन काय मिळणार?

हा प्रश्न बायकोनंही विचारला. बरोबर विचारला.

पहिल्या लॉकडाऊनमध्ये दारूची दुकानं दीड महिना बंद राहिली. मे 2020 मध्ये ती उघडली तेव्हा राज्यभर लागलेल्या रांगा तुम्ही टीव्हीवर पाहिल्यात, काहीजण त्यात उभेही असाल. मग घरपोच सेवा आली. परमिट रूमवाल्यांनाही पडून असलेला माल छापील किमतीत सीलबंद विकायची मुभा मिळाली, नाहीतर बिअर मुदत संपून गटारात ओतावी लागली असती. 5 ऑक्टोबर 2020 ला साडेसहा महिन्यांनी टेबलं सुरू झाली, ती या एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा बंद. जूनमध्ये निर्बंधांचे पाच स्तर आले. तिसऱ्या स्तरातल्या जिल्ह्याला सोमवार ते शुक्रवार दुपारी चारपर्यंत बसायची परवानगी, त्यानंतर आणि शनिवार-रविवारी फक्त पार्सल. दुपारी चार! त्या वेळेला आमच्याकडं मार्केट यार्डातला हमालसुद्धा येत नाही, त्याची हळदीची पोती उतरायची असतात.

म्हणजे सरकारनं बाटली चालू ठेवली आणि टेबल बंद ठेवलं. रोगाच्या हिशेबानं त्यात चूक नव्हती. बंद खोलीत मास्क काढून मोठ्यानं बोलणं हेच तर धोक्याचं, आणि आमचा सगळा धंदा त्यावरच. पण पार्सलचं पुढं काय झालं ते मी काउंटरवर उभा राहून पाहिलंय. इथं दोन पेग घेऊन साडेनऊला "चला, घरी वाट बघत असतील" म्हणत उठणारा माणूस घरी आख्खी क्वार्टर संपवायला लागला, मग हाफ न्यायला लागला. इथं वेटर तिसऱ्या पेगला जरा उशीर करतो, शेजारचा "बास की आता" म्हणतो, शटर पडायची वेळ असते. घरात थांबवणारं कुणी नाही, किंवा आहे तिच्यावरच माणूस खेकसतो. काहीजण गच्चीवर पीत होते, काही गाडीत, काही कृष्णेच्या घाटावर अंधारात.

तेव्हा नवीन काय मिळणार म्हणाल, तर बर्फ, पितळीतलं भडंग आणि समोर बसलेला माणूस. दारूचा ब्रँड तोच आहे.

नऊला ऑर्डर बंद? आमचं तर आठला सुरू होतं.

मग साडेसहाला सुरू करा. 8:55 ला एकदम चार क्वार्टर मागवून टेबलावर रांग लावायची युक्ती पहिल्याच आठवड्यात तिघांनी केली. तसं करू नका. दहाला उठावं लागतं आणि घाईघाईत ओढलेली बाहेर रस्त्यावर चढते. जेवण पार्सल मात्र कितीही वाजता मिळतं, तेवढी सोय आदेशातच आहे. किचन अकरापर्यंत चालू ठेवतो.

एका टेबलावर किती जण?

चौघांच्या टेबलावर दोघं, मोठ्या टेबलावर तिघं. "आम्ही सहाजण एकाच घरचे आहोत" असं परवा एका टोळक्यानं सांगितलं. सहांची सहा आडनावं मला पाठ होती.

लस झालेली नाही. आत घेणार का?

मॉलमध्ये जायला दोन डोस लागतात, हॉटेल-बारमध्ये गिऱ्हाइकाला तशी अट नाही. अट आमच्या माणसांना आहे : दोन्ही डोस आणि दुसऱ्यानंतर 14 दिवस. त्यामुळंच पहिल्या आठवड्यात उरलेल्या तिघांतले दोनच वेटर दिसले आणि तुम्हाला सोड्यासाठी अर्धा अर्धा तास थांबावं लागलं. तुमच्यासाठी अट नाही म्हणजे लस नको असा अर्थ काढू नका. माझं म्हणाल तर घेऊन या, मला गल्ल्यावर बसायला बरं वाटेल.

मास्क लावून पिणार कसं?

आत येताना, थांबताना आणि बाथरूमला जाताना लावायचा. टेबलावर खायला-प्यायला सुरुवात केलीत की काढा. काढल्यावर तो ग्लासाखाली टिपकागद म्हणून वापरू नका. हे लिहावं लागतंय म्हणजे कुणीतरी वापरलाय हे समजून घ्या.

एसी हॉल सुरू आहे का?

आहे, पण दारं-खिडक्या उघड्या आणि पंखे चालू, हवा खेळती ठेवायचा नियमच आहे. त्यामुळं एसीचा गारवा खणभागापर्यंत जातो आणि बिल आमच्याकडं येतं. नॉन एसीत बसा, माझंही भलं. व्हायरस हवेतून पसरतो हे आता सगळ्यांना कळलंय. टेबलं पुसून पुसून सनमायका पांढरा केला, पण खरा उपयोग उघड्या खिडकीचाच.

दारूनं कोरोना मरतो म्हणतात?

हातावरचा मरतो, तोही सॅनिटायझरनं. त्यात अल्कोहोल किमान 60 टक्के लागतं. आपल्याकडच्या व्हिस्की-रममध्ये 42.8 टक्के असतं, त्यात तुम्ही सोडा घालता. घशातून गेलेल्या पेगनं फुफ्फुसातलं काही मरत नाही. आणि उलटा विचार करून सॅनिटायझर प्यायची अवदसा कुणाला आठवली तर यवतमाळ जिल्ह्यातलं वणी लक्षात ठेवा. या एप्रिलमध्ये दारू मिळेना म्हणून तिथल्या लोकांनी सॅनिटायझर घेतलं आणि जीव गमावले.

लशीबद्दलही रोज विचारतात. दारूनं लशीचा परिणाम जातो असा पुरावा नाही असं केंद्राच्या आरोग्य खात्यानंच सांगितलंय. पण डोसच्या रात्री ताप आला तर तो लशीचा की ओल्ड माँकचा, हे तुम्हाला कळणार नाही. दोन दिवस दम धरा.

आधी चार पेग पचायचे, आता दुसऱ्यालाच चढतेय. माल बदललाय का?

माल तोच आहे, तुम्ही बदललाय. रोज घेणाऱ्या शरीराला सवय झालेली असते. काही महिने बंद राहिलं की ती सवय मोडते आणि जुना आकडा नव्या अंगाला झेपत नाही. हे वाईट नाही, खर्च निम्म्यावर आला. फक्त पहिल्या दिवशी जुन्या हिशेबानं मागवू नका. जेवून या किंवा आधी मसाला पापड-शेंगदाण्याऐवजी अंडाकरी-भाकरी मागवा.

याच्या उलट ज्यांचं घरी बसून वाढलंय, सकाळी हात थरथरतात, घेतल्याशिवाय बरं वाटत नाही, त्यांनी माझ्या सांगण्यावरून किंवा बायकोला शब्द दिला म्हणून एका दिवसात बंद करू नये. अचानक तोडली की फिट येते, भ्रम होतो, माणूस जाऊही शकतो. 2020 च्या मार्चमध्ये आमच्या एका जुन्या गिऱ्हाइकाला तिसऱ्या दिवशी दवाखान्यात न्यावं लागलं, घरच्यांना वाटलं कोरोनाच झाला. डॉक्टरांकडं जा. पुण्याला 1986 पासून मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे, तिथं रीतसर सोडवतात. बारवाल्यानं हे लिहावं याचं नवल वाटत असेल. पण थरथरत्या हाताचं गिऱ्हाईक मला नको, तो ग्लास फोडतो आणि मला रात्री झोप लागत नाही.

श्रावणात गर्दी असते का?

गर्दीचं सोडा, 9 टेबलंसुद्धा भरत नाहीत. यंदाचं पंचांग आणि शासन आदेश दोघांनी मिळून आमची चेष्टा केलीय. 2 ऑगस्टला राज्यातल्या 25 जिल्ह्यांना सवलत मिळाली, राहिलेल्या 11 जिल्ह्यांच्या यादीत कोल्हापूर, सांगली, सातारा तिघंही. आठ तारखेला गटारी, रविवार. म्हणजे वर्षातला सगळ्यात मोठा दिवस आणि फक्त पार्सल. नऊला श्रावण लागला. आणि मग पंधराला परवानगी आली! निम्म्या खुर्च्यांचा नियम आमच्याकडं पाळावा लागत नाही, श्रावण स्वतःच पाळतो.

श्रावण पाळणाऱ्यांसाठी लिंबू सोडा, जिरा सोडा आणि पनीर चिली आहे. चार जणांत एकानं सोडा घेतला म्हणून त्याला टोचून बोलू नका. गणपती 10 सप्टेंबरला, विसर्जन 19 ला. अनंत चतुर्दशीला ड्राय डे असतो, 2 ऑक्टोबरलाही. तारखा आत्ताच लिहून ठेवा, शटरवर थापा मारून उपयोग नाही.

तुमच्याकडं पुराचं पाणी आलं होतं. आता भिजलेला माल विकताय का?

राग आला, पण प्रश्न रास्त आहे.

मारुती चौकाच्या बाजूला धंदा करणाऱ्याला कृष्णेच्या आयर्विन पुलावरचे पाणीपातळीचे आकडे पाढ्यांसारखे पाठ असतात. 45 फूट धोक्याची पातळी. ऑगस्ट 2019 मध्ये 57 च्या वर गेलं होतं. तेव्हा फ्रीज छताला लागला होता आणि बिलबुकं झाडावर सापडली. त्यातून उठून रंग दिला, सोफे नवे केले, सात महिन्यांत लॉकडाऊन. या जुलैत दुसऱ्या लाटेतून डोकं वर काढतोय तोच पुन्हा पाणी. या वेळी शहाणपण आलं होतं. 45 व्हायच्या आधीच पेट्या माडीवर नेल्या. दोरी लावून, वेटर, मी, पोरगं आणि शेजारचा टेलर. तरी तळातल्या काही बिअरच्या पेट्या राहिल्याच.

भिजलेली बाटली आपण होऊन फेकताही येत नाही आणि विकता तर नाहीच. उत्पादन शुल्क खात्याकडून पंचनामा होतो, नोंदवहीत उतरतं, मग माल नष्ट होतो. एकेका बाटलीचा हिशेब असतो. तेव्हा टेबलावर येणारी प्रत्येक बाटली सीलबंद बघून घ्या, वेटरला समोर फोडायला सांगा. तो तुमचा हक्क आहे, पूर येवो न येवो. भिंतीवर मात्र कमरेच्या वर एक तपकिरी रेघ दिसेल. ती मुद्दाम ठेवलीय. रंगारी पुसायला निघाला होता, मी नको म्हटलं.

दर वाढवलेत का?

वाढवले. खुर्च्या निम्म्या, भाडं पूर्ण. परमिट रूमचा दर दुकानापेक्षा जास्त का, हे ज्यांना आजवर कळलं नाही त्यांनी वाईन शॉपसमोर उभं राहून बर्फ मागून बघावा. बिलात दारूवर सध्या (2021 मध्ये) 5 टक्के व्हॅट आणि खाण्यावर 5 टक्के जीएसटी असतो. तो आमच्या खिशात जात नाही.

परवाना लागतो का? आजवर कुणी मागितला नाही.

कायद्यानं लागतो. आपल्या राज्यात दारूबंदीचा कायदा 1949 पासून आहे आणि आपण सगळे त्यातल्या परवान्यावर पितो. 'परमिट रूम' हे नाव तिथूनच आलं. विदेशी दारूचा एका दिवसाचा परवाना 5 रुपयांना मिळतो, वर्षाचा 100, आजन्म 1000. बिअर-वाईनला वय 21, व्हिस्की-रमला 25. दाढी वाढलेली आहे हा पुरावा धरला जात नाही. लॉकडाऊनमध्ये बऱ्याच जणांची वाढलीय.

पुण्यासारखा पब सांगलीत कधी होणार?

पब म्हणजे मुळात पब्लिक हाउस, विलायतेतली गल्लीच्या कोपऱ्यावरची बसायची जागा. अंधार, लाल-निळे दिवे आणि कानठळ्या हे आपल्याकडचं वाढीव काम. माझा भाचा तिकडं असतो. या 12 एप्रिलला इंग्लंडमध्ये पबच्या अंगणात बसायची परवानगी मिळाली, तेव्हा त्यानं थंडीत कुडकुडत ग्लास हातात घेतलेला फोटो पाठवला. इथं आमचं शटर त्याच्या आठवडाभर आधी खाली गेलेलं. फोटो बघून पहिल्यांदा राग आला, मग नीट बघितला. कोटातली म्हातारी माणसं, लाकडी बाकडी, टेबलावर वेफर्सचं पाकीट फाडून मधे पसरलेलं. भडंगाऐवजी वेफर्स, बाकी तेच.

तेव्हा पब झालाच आहे, फक्त पाटी परमिट रूमची आहे. वाईन मात्र सांगलीकर पीत नाही. पलूसला वाईन पार्क आहे, तासगावची द्राक्षं जगभर जातात, पण आमच्याकडं द्राक्ष येतं ते बेदाणा होऊन, चखण्यात.

जुने वेटर आहेत का?

पाचातले तीन. एक जमखंडीकडं गावी शेतीत रमला, म्हणाला मालक, ऊस बरा. दुसरा मिरजेत मेडिकलचं पार्सल पोचवतो. जे आहेत त्यांना दीड वर्षात पूर्ण पगार सगळे महिने देता आला नाही हे मीच सांगतो. तेव्हा बिलाच्या ताटलीत बडीशेपेबरोबर काही ठेवलंत तर तुमच्या डोळ्यांदेखत उचलायला सांगा.

आमच्या कट्ट्यातला एक जण गेला, एकानं सोडली. आता जमून करायचं काय?

हा प्रश्न फोनवर कुणी विचारत नाही. पहिल्यांदा येतात तेव्हा दारात उभे राहून टेबलाकडं बघतात, तेव्हा कळतो.

एक कट्टा 17 तारखेला आला. पूर्वी पाच, आता तिघं. त्यांनी चौथा ग्लास मागवला, भरला आणि तसाच ठेवून गेले. वेटरला काय करावं कळेना. मी बेसिनमध्ये ओतला. दुसऱ्या एका कट्ट्यानं कोपऱ्यातलं टेबलच बदललं, आता खिडकीशी बसतात आणि गेलेल्याचं नावही काढत नाहीत. दोन्ही ठीक आहे. तुम्हाला कसं बसायचंय ते तुम्ही ठरवा.

सोडलेल्याला मात्र बोलवा. तो यायला तयार असेल तरच, आणि आला तर "एक घे रे, एकानं काय होतंय" हे वाक्य तोंडातून काढू नका. त्याचा सोडा आमच्याकडून. बिलात धरत नाही.

बायकांसह येता येईल का?

फॅमिली हॉल माडीवर आहे, जिना बाहेरून. रविवारी दुपारी मटण थाळी असते, तांबडा-पांढरा रस्सा हवा तेवढा.

गाडी लावायला जागा आहे का?

लावायला आहे, पण घेऊन घरी जायला नाही. 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं की पहिल्या वेळीच सहा महिन्यांपर्यंत कैद, 10,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. विश्रामबागपर्यंत रिक्षा मिळते. मोटारसायकल रात्रभर आमच्या बोळात राहू द्या, वॉचमन आहे. किल्ली गल्ल्यावर ठेवा, सकाळी दहाला न्या.

पुन्हा बंद होणार का?

कोरोना रुग्णांना दिवसाला 700 टन ऑक्सिजन लागायला लागला तर राज्य पुन्हा बंद करू असं सरकारनं आदेशातच लिहून ठेवलंय. तिसऱ्या लाटेचं रोज पेपरात येतंय. 2017 च्या एप्रिलमध्ये सुप्रीम कोर्टाच्या निकालानं महामार्गालगत 500 मीटरमधले बार एका रात्रीत बंद झाले होते. खेड्यातल्या बाया मतदानात आडवी बाटली करून गावातलं दुकान हलवतात, आणि ज्यांच्या घरात रोज मारझोड आहे त्यांनी हलवावं, मी त्यांच्या विरोधात बोलणार नाही. मग पूर, मग लॉकडाऊन, मग पूर. त्यामुळं मी आता सहा महिन्यांचा माल भरत नाही, पंधरा दिवसांचा भरतो. तुमचा ठरलेला ब्रँड नसला तर त्यामुळं.

मागची उधारी?

वही माडीवर होती. भिजलेली नाही.

मार्च-एप्रिलमध्ये काही विसरलं होतं, मिळेल का?

दोन छत्र्या, एक हेल्मेट, स्टीलचा तीन पुडांचा डबा (धुतलाय) आणि एक चष्मा, काळी फ्रेम, उजवी दांडी दोऱ्यानं बांधलेली. छत्री कुणाचीही असली तरी कुणीही नेतो, म्हणून काउंटरखाली आहे, खूण सांगावी लागेल. चष्म्याचा नंबर सांगून चष्मा घेऊन जा.